ऑरेस्ते कास्तान्याचे वीस भाडेकरू

ऑस्ट्रेलियातल्या इनिसफेल गावच्या साखर कारखान्यात ऑरेस्ते कास्तान्या एकतीस वर्षं उसाची आगगाडी चालवत होता. या एकतीस वर्षांत त्याने गाडी रुळावरून फक्त दोनदा खाली उतरवली, आणि दोन्ही वेळा चूक गाईची होती, असं तो सांगे. गाईंची बाजू कुणी ऐकून घेतली नव्हती.

चौपन्न वर्षांचा हा बिनलग्नाचा माणूस पूर्वी चांगला भरदार होता. दारातून आधी त्याचं पोट आत यायचं आणि मग तो. पण अठ्ठेचाळिसाव्या वर्षी गव्हाने त्याला दगा दिला. पाव खाल्ला की पोटात कळा, पास्ता खाल्ला की दोन दिवस संडासाच्या आसपास मुक्काम, आणि अंग तर चरकातून काढल्यासारखं पिळून निघालेलं. तपासण्या झाल्या आणि सीलियाक असं नाव निघालं. गाव त्याला गव्हाची ॲलर्जी म्हणे. डॉक्टर म्हणत, ही ॲलर्जी नव्हे, ॲलर्जीची सावत्र बहीण. ॲलर्जीत शरीर परक्याला बघून उगाच आरडाओरडा करतं. इथे ते गव्हाला बघून स्वतःच्याच आतड्याला आग लावतं. ऑरेस्तेला या नातेसंबंधांत रस नव्हता. पास्ता बंद, एवढं त्याला कळलं होतं.

दर रविवारी दुपारी सगळे कास्तान्या त्याच्या आत्याकडे जेवायला जमत. तिचं नाव असुन्ता, पण तिला सगळे झिया म्हणत. झिया म्हणजे इटालियनमध्ये आत्याच, पण ज्यांची ती कुणीच नव्हती तेही म्हणत, कारण दुसरं काही म्हणण्याची कुणाची छाती नव्हती. टेबलाला तेरा माणसं. मधोमध पहाटे उठून अंड्यात मळलेल्या, दीड हात लांबीच्या लाटण्याने लाटून सुरीने कापलेल्या रुंद पास्त्याचा डोंगर, वर टोमॅटोचा लालभडक रस्सा. आणि ऑरेस्तेपुढे भात. सहा वर्षं भात. भातात तसा काही दोष नव्हता. फक्त तो पास्ता नव्हता.

त्या वर्षी एप्रिलमधल्या एका रविवारी झियाने हातातला चमचा ताटावर आपटला.

"फेब्रुवारीत मी नव्वदची होणार," ती म्हणाली. "त्या दिवशी शेवटचं लाटीन. मग हे लाटणं लोरेलाचं."

लोरेला ही तिची नात. ती घाबरून म्हणाली, "अगं झिया, असं काय बोलतेस? तू अजून शंभर वर्षं लाटशील."

"ही बोटं बघ. आल्याची गाठ झालीय नुसती. शंभर वर्षं काय लाटीन, तुझं डोकं?"

सगळे हसले. ऑरेस्ते हसला नाही. तो भात चिवडत हिशेब करत होता. दहा महिने. दहा महिन्यांनी हा डोंगर कायमचा उतरणार होता, आणि त्याच्या शेवटच्या दिवशीही आपल्यापुढे भातच असणार होता. त्या दिवशी त्याने मनाशी ठरवलं की झियाच्या नव्वदीला आपण त्यातलं एक ताट खायचं, मग काय व्हायचं ते होवो. ताट रिकामं झाल्यावर काय होणार हे त्याला नीट ठाऊक होतं. नव्वदीच्या समारंभात आत्याचा एकुलता एक संडास चार तास अडवून बसणारा पुतण्या अशी आपली आठवण राहावी असं काही त्याला वाटत नव्हतं.

पंधरा दिवसांनी इंजिनात बसून तो रेडिओ ऐकत होता. जवळच्या केर्न्स शहरातल्या कुठल्याशा संशोधकांना सीलियाक असलेली माणसं हवी होती. अट एवढीच होती की त्यांनी पोटात काही जंत बाळगायची तयारी दाखवावी. ऑरेस्तेला आधी वाटलं की ही थट्टा आहे. मग वाटलं, असेना का.

संशोधनाची प्रमुख टिअरनी नावाची डॉक्टर होती. चाळिशीची, पायात रबरी चपला, आणि बोलताना माणसाच्या तोंडाऐवजी पोटाकडे बघायची सवय.

"जंत?" ऑरेस्तेने विचारलं. "खरेखुरे?"

"अंकुशकृमी. आधी दहा, मग दहा. एकूण वीस."

"आणि त्यांना पोरंबाळं झाली तर?"

"अंडी होतात, पण ती बाहेर पडतात. त्यांची पिल्लं व्हायला ओली माती लागते. तुमच्याकडे संडास आहे ना?"

"दोन आहेत."

"मग वीसचे वीसच राहतील."

ऑरेस्तेने विचारलं की याने गहू कसा पचणार. टिअरनीने खुर्ची पुढे ओढली.

"तुमच्या घरी कुत्रा आहे?"

"आहे. टँक."

"तुमच्या पोटातही एक राखणदार कुत्रा आहे असं समजा. हजारो वर्षं त्याचं काम एकच, जंतांवर भुंकायचं. मग आपण बूट घातले, संडास बांधले, जंत गेले. कुत्रा रिकामा बसला. रिकामा कुत्रा काय करतो?"

"पोस्टमनला चावतो," ऑरेस्ते चटकन म्हणाला. टँकमुळे त्याच्या घरी दोन वर्षं पत्रं येत नव्हती.

"तुमचा पोस्टमन म्हणजे गहू. कुणाचा शेंगदाणा, कुणाचे फुलांचे परागकण, कुणाची घरातली धूळ. आता जंताला तुमच्या घरात राहायचंय, हाकलून घ्यायचं नाहीये. म्हणून तो असं काहीतरी सोडतो की कुत्रा शांत होतो. आणि शांत झालेला कुत्रा पोस्टमनलाही जाऊ देतो. असा आमचा अंदाज आहे."

"अंदाज?"

"ठाऊक असतं तर तुम्हाला कशाला बोलावलं असतं?"

हे उत्तर ऑरेस्तेला आवडलं. त्याने सही केली. बाहेर गाडीत बसल्यावर मात्र त्याला झिया आठवली.

कास्तान्यांच्या घरात जंत हा शब्द जेवताना काढायचा नसे, आणि एरवीही हळूच काढायचा. झिया लहान असताना हे कुटुंब उसाच्या कडेला पत्र्याच्या खोपटात राहायचं. सगळे अनवाणी, आणि शेत हाच संडास. झियाचा धाकटा भाऊ बेप्पे हळूहळू कागदासारखा पांढरा पडत गेला, माती खाऊ लागला, आणि सातव्या वर्षी एका साध्या तापात गेला. पुढे तपासणी करणारी सरकारी माणसं शौचाच्या नमुन्यांसाठी डबे घेऊन आली, औषध पाजून गेली, तेव्हा कळलं की पोराला आतून कोण पीत होतं. तेव्हापासून झियाने एक नेम धरला होता. नोव्हेंबरअखेर गाळप संपलं की पहिल्या रविवारी जेवणाआधी सगळ्या कुटुंबाला जंतांचं औषध. आजोबा, सुना, नातवंडं, पाहुणे आणि कुत्रे. हल्ली ते औषध चॉकलेटच्या वड्यांत मिळे. फ्रीजवर नावांची यादी चिकटवलेली असे आणि गिळल्यावर जीभ दाखवल्याशिवाय नावापुढे खूण होत नसे. कुटुंबात लग्न करून येणाऱ्यांना हे साखरपुड्याच्या आधी सांगत. एक जण त्यामुळे परत गेला असंही बोललं जाई.

अशा घरचा पुतण्या मे महिन्यात केर्न्सला गेला, आणि दंडावर ओली पट्टी बांधून दहा जंत घेऊन आला.

दंडाला आठवडाभर सणसणून खाज सुटली. मग थोडा खोकला झाला. पिल्लं कातडीतून रक्तात, रक्तातून छातीत, छातीतून घशात आणि घशातून पोटात अशी जातात, हे टिअरनीने कागदावर काढून दाखवलं होतं. एवढी वळणं आणि कुठेही घसरणं नाही, याचं ऑरेस्तेला एक चालक म्हणून कौतुक वाटलं. जूनमध्ये उरलेले दहा आले. तीन आठवडे पोट बिघडलं आणि मग एकदम गप्प झालं, जणू आत सगळ्यांना खोल्या वाटून झाल्या.

यानंतर ऑरेस्तेचं वागणं बदललं. तो त्यांना 'भाडेकरू' म्हणू लागला. बिअर थंडगार असेल तर ती दोन मिनिटं तोंडात धरून मगच गिळू लागला, आतल्यांना गारठा लागू नये म्हणून. मिरची कमी केली. इंजिन वळणावर हळू घेऊ लागला. त्याने ही गोष्ट कारखान्यात एकाच माणसाला, शपथ घालून, सांगितली. त्यामुळे दुसऱ्या दिवशी बॉयलरपासून वजनकाट्यापर्यंत सगळे विचारू लागले, "काय ऑरी, पोरं झोपली का रात्री?" पण झियाच्या कानावर कुणी घातलं नाही. तीनशे माणसांचा कारखाना, पण एकालाही निरोप्या व्हायचं नव्हतं.

आणि एक गंमत झाली. दरवर्षी उसाला तुरे आले की ऑरेस्तेच्या शिंकांपुढे इंजिनाची शिट्टी ऐकू यायची नाही. त्या वर्षी तुरे आले आणि गेले; ऑरेस्ते मोजून नऊ वेळा शिंकला. त्याने हे टिअरनीला फोन करून कळवलं. "एका माणसाची शिंक म्हणजे पुरावा नव्हे," ती म्हणाली. "पण नऊच म्हणालात ना?" आणि तिने लिहून घेतलं.

ऑगस्टात गहू सुरू झाला. रोज स्पॅगेटीचा एक तुकडा, लांबी एक इंच. ऑरेस्ते तो उकडून मोठ्या ताटाच्या मधोमध ठेवी, गळ्यात रुमाल बांधी, काटा उचली आणि डोळे मिटून चावे. सहा वर्षांनी. एका इंचात चार घास बसवायची कला त्याला त्या महिन्यात साधली. पोट काही बोललं नाही. ऑक्टोबरात अख्खी एक काडी झाली, नोव्हेंबरात पाच, मग पंधरा. जानेवारीत एक पूर्ण ताट खायचं होतं आणि मग आतड्याची तपासणी. ती चांगली निघाली की फेब्रुवारीत झियाकडे. सगळं वेळापत्रकाप्रमाणे चाललं होतं.

मग गाळप संपलं आणि औषधाचा रविवार आला.

"जीभ," झिया म्हणाली.

"झिया, मी आधीच घेतलंय. गावातल्या औषधवाल्याकडून. परवा."

"कधी नव्हे ते?"

"म्हटलं, तुला या वयात किती त्रास द्यायचा."

झियाने जीभ न बघताच पेन्सिल उचलली. मग यादीवर खूण केली. ऑरेस्तेला वाटलं, निभावलं. औषधाच्या दुकानात लोरेला कामाला होती आणि ऑरेस्ते तिथे वर्षभरात फिरकलाही नव्हता, या गोष्टीचा त्याला उत्साहाच्या भरात विसर पडला. झियाला पडला नव्हता. मेमध्ये खाजवत होता, मग खोकत होता, मग जेवणावरून उठून पळत होता, आणि आता औषध चुकवतोय. ज्या बाईने बेप्पेला पाहिलं होतं, तिला आणखी काय सांगायला हवं होतं?

पुढच्या रविवारी जेवण झाल्यावर तिने ऑरेस्तेपुढे बदामाच्या कुटाचा केक ठेवला. त्यात गव्हाचा कण नसे. त्या घरातली ऑरेस्तेला चालणारी ती एकच गोड वस्तू होती.

"आज माझा वेगळा?" त्याने विचारलं.

"वाळलायस. खा."

वर चॉकलेटचा बोटभर थर होता. ऑरेस्तेने अख्खा केक संपवला, चमचा चाटला आणि झियाच्या कपाळाचा मुका घेतला. तिने त्या वर्षीची यादी फ्रीजवरून काढून फाडून टाकली.

डिसेंबरच्या मध्यावर टिअरनीचा फोन आला. आवाज जरा कोरडा होता.

"तुमच्या नमुन्यात एकही अंडं नाही. काय घेतलंत?"

"काही नाही! शपथ! थंड बिअरसुद्धा नाही!"

"वीसच्या वीस एकदम मरत नाहीत हो. आठवून बघा. गोळी, सरबत, चॉकलेट..."

ऑरेस्तेने फोन ठेवला, टोपीसुद्धा न घालता झियाचं घर गाठलं आणि स्वयंपाकघरातला साठवणीचा डबा उपसायला सुरुवात केली. रिकाम्या बरण्या, दोऱ्या, जुनी पाकिटं झिया कधी फेकत नसे. धुऊन ठेवत असे. तिथेच दोन चपट्या पुठ्ठ्याच्या पेट्या होत्या. जंतांच्या चॉकलेटच्या. दोन्ही रिकाम्या.

"तू मारलंस त्यांना!" तो ओरडला.

झिया वाटाणे सोलत होती. "कुणाला?"

"वीसच्या वीस! केकमध्ये घालून!"

"होते ना?" झियाने वाटाण्याची शेंग खाली ठेवली. "मला वाटलंच होतं. मग असा रडतोयस का? चर्चमध्ये मेणबत्ती लाव माझ्या नावाने."

ऑरेस्तेने सगळं सांगितलं. रेडिओ, दंडावरची पट्टी, एक इंच, पंधरा काड्या. झिया ऐकत असताना तिचा चेहरा लाल झाला आणि मग एकदम पांढरा.

"मुद्दाम?" ती म्हणाली. "माझ्या भावाला ज्यांनी खाल्लं, त्यांना तू गाडीत घालून घरी घेऊन आलास? वर त्यांना गरम बिअर पाजलीस?"

"झिया, मला तुझा पास्ता खायचा होता."

"काय?"

"नव्वदीला. तू शेवटचं लाटणार होतीस ना. एक ताट. बाकी काही नाही."

बाहेर ऑरेस्तेमागे धावत आलेला टँक आणि झियाचा कुत्रा एकमेकांवर भुंकत होते. झियाने दोन शेंगा सोलल्या. त्यातले वाटाणे तिने टरफलांत टाकले आणि टरफलं पातेल्यात.

"हे आधी सांगता येत नव्हतं, गाढवा?"

"तू मारलं असतंस."

"मारलंच असतं," झिया म्हणाली. "कुठे आहे ती बाई? मला घेऊन चल."

जानेवारीत दोघं केर्न्सला गेले. झियाने काळा झगा घातला होता, आणि भांडायला जातानाही कुणाकडे रिकाम्या हाताने जायचं नाही म्हणून लिचीची एक पिशवी घेतली होती. टिअरनीने हात पुढे केला.

"तुझ्याही पोटात आहेत का ते?" झियाने हात न देता विचारलं.

"तीस."

झियाने लिचीची पिशवी हळूच स्वतःकडे ओढली.

टिअरनीने वाद घातला नाही. तिने सूक्ष्मदर्शकाखाली पाण्याचा थेंब ठेवला आणि झियासाठी खुर्ची उंच केली. झिया एक डोळा मिटून वाकली. आत केसाच्या तुकड्याएवढं काहीतरी वळवळत होतं. ती खूप वेळ बघत राहिली. ऑरेस्तेला वाटलं, झोप लागली की काय.

"एवढासा?" शेवटी ती म्हणाली.

"एवढासाच."

"बेप्पेच्या पोटात किती असतील?"

"शेकडो. कदाचित हजार. आणि पोराला खायलाही पुरेसं नसेल."

"नव्हतं," झिया म्हणाली. तिने डोळा उचलला नाही. "म्हणजे तुझं म्हणणं, वीस म्हणजे हजार नव्हे."

"मला तसं वाटतं. अजून सिद्ध व्हायचंय. चूकही असू शकेल."

झिया ताठ बसली. "नव्वद वर्षांत मला असा एक डॉक्टर भेटला नाही, जो म्हणाला की मला ठाऊक नाही." आणि तिने पिशवी टेबलावर ठेवली. "खा. तुला तर एकतीस जणांचं खायला हवं."

मग ती मुद्द्यावर आली. फेब्रुवारीत पोराला ताट मिळेल का? टिअरनीने मान हलवली. पोटातला कुत्रा आता जागा होणार, गव्हाच्या वाटेला जायचं नाही. ही तुकडी ऑरेस्तेसाठी संपली. मार्चमध्ये नवी तुकडी सुरू होईल, त्यात त्याला घेता येईल, पण पहिल्यापासून. दंडावरची पट्टी, मग एक इंच, मग एक काडी.

"म्हणजे पुढचा जानेवारी," झिया म्हणाली आणि गाठी पडलेली बोटं एकेक करून मोजली.

परतीच्या वाटेवर दीड तास ती उसाची शेतं बघत बसली. कारखान्याची चिमणी दिसू लागली तेव्हा म्हणाली, "वीस. एकविसावा दिसला तर मी आहे आणि माझा केक आहे."

नव्वदीला सगळं घर भरलं. टेबल कमी पडलं म्हणून दाराची फळी काढून ती पिंपांवर टाकली. झियाने पहाटे तीन तास पास्ता लाटला. लोरेला मदत करायला गेली तर तिला हाकललं. डोंगर आला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. ऑरेस्तेपुढे भात आला, आणि त्याने तो तक्रार न करता खाल्ला. जेवण झाल्यावर लोरेला उठली, डोळे पुसत झियासमोर उभी राहिली आणि ठरल्याप्रमाणे दोन्ही हात पुढे केले.

झियाने लाटणं धुतलं, पुसलं, जुन्या पंच्यात गुंडाळलं आणि परत कपाटावर ठेवलं.

"पुढच्या वर्षी," ती म्हणाली.

"पण झिया, तुझी बोटं?"

"बोटं माझी आहेत. सांगेन तेवढं ऐकतील. आणि तू आता या गाढवाला दंडावर बांधायला स्वच्छ पट्ट्या दे. मार्चमध्ये त्याच्याकडे पाहुणे यायचेत."